मधून कडेकडे

दुपारचे तीन वाजलेत आणि माझ्या बोटांना टूथपेस्टचा वास येतोय. दात सकाळीच घासून झाले; आता काय घासतोय ते सांगतो, पण हसू नका. मांडीवर जुन्या धोतराचा मऊ तुकडा, शेजारी कोमट पाण्याचं पातेलं आणि हातात एक सीडी. पेस्टचा हा थंडगार, जरासा तिखट वास नाकात शिरला की फ्रीगंजच्या या घरातले जुने रविवार आठवतात. परवा ही पेस्ट शोधत टावर चौकापर्यंत गेलो होतो. जिकडेतिकडे रंगीत जेल. शेवटच्या दुकानदारानं साधी पांढरी काढून दिली नि वर म्हणाला, "मास्साब, दांत तो गिनती के बचे हैं, अब क्या चमकाओगे?" म्हटलं, दे रे बाबा, बहस मत कर.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. घरोघरी सीडीचे प्लेअर होते त्या काळात मोहल्ल्यात माझा एकच लौकिक होता, मास्साब ओरखडे पडून बिघडलेल्या सीड्या बऱ्या करतात. कुणाच्या लेकीचं लग्न अडकायचं, कुणाच्या नातवाचं जावळ. "बस फेरे निकाल दो मास्साब, बाकी जाने दो," म्हणत लोक दारात उभे राहायचे. आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं, टिपायचं, मग पेस्टचा ठिपका बोटावर घेऊन मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेघ ओढायची. बैलगाडीच्या चाकाचे आरे असतात ना, तशी. गोल मात्र कधी घासायचं नाही. वाचणारा किरण गोल फिरतो. आडवा ओरखडा तो ओलांडून जातो, पण त्याच्याच वाटेनं गेलेला ओरखडा त्याला पार आंधळा करतो. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. बायकोलाही शंभरदा ऐकवलं असेल. ती म्हणायची, "इतक्या मायेनं कधी माझ्याकडे बघितलंत का हो?" मी मान वर न करता हसायचो.

ती गायची. म्हणजे मैफली वगैरे नाही, पण गळा गोड होता आणि मराठी मंडळाच्या गणपतीत तिचं एक गाणं ठरलेलं असायचं. काहीही करण्याआधी विचारायची सवय होती तिला. पानं वाढायची असोत, आरती असो, "सुरू करू का?" असं माझ्याकडे बघून म्हणायची आणि मी "कर" म्हटल्याशिवाय हात हलायचा नाही. मला त्याचा कधीकधी वैताग यायचा. आता घरात कुणी काहीच विचारत नाही. शेजारच्या घराची यात्रेकरूंसाठी लॉज झालीय, दिवसभर ई-रिक्शा थांबतात, बॅगा उतरतात, आणि कधी चुकून माझी बेल वाजते. "महाकाल मंदिर कितना दूर है?" बोलायला तेवढंच.

तर त्या वर्षी तिनं नवीन गाणं बसवलं होतं. महिनाभर दार लोटून सरावाला बसायची, मला ऐकू देत नव्हती. "हॉलमध्येच ऐका, पहिल्या रांगेत." त्या संध्याकाळी ती पुढे गेली आणि मी निघणार तेवढ्यात देवास गेटकडचे एक गृहस्थ सीडी घेऊन आले. वारलेल्या भावाचं लग्न होतं तिच्यात. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम. दहाची साठ कधी झाली कळलंच नाही. फेरे निघाले, गृहस्थ रडले, माझे हात धरले, आणि माझी छाती अशी फुगली की विचारू नका. हॉलवर पोचलो तर खुर्च्या आवरत होते. ती पर्स घेऊन दाराशी उभी होती. "झालं माझं. चला," एवढंच म्हणाली.

पुढे कार्यक्रमाच्या व्हिडिओची सीडी आली. "घ्या, आता तरी सवडीनं ऐका." मी म्हटलं, ऐकतो की, निवांत ऐकतो. ती सीडी देवघराखालच्या खणात पडली, तिच्यावर धूप आणि तेलाचा चिकटा बसला. दिवाळीच्या आधी देवाची भांडी घासायला काढली तेव्हा तिनं ती सीडीही घेतली. पाडव्याला मला ऐकवायची होती. चिंच आणि रांगोळी लावून, तबकासारखी, गोल गोल, अगदी लख्ख होईस्तोवर घासली! मी शाळेतून आलो आणि जो तोंडाचा पट्टा सोडला, त्याची आज लाज वाटते. "शंभरदा सांगितलं ना, गोल नाही म्हणून!" ती हात पुसत म्हणाली, "जाऊ द्या हो. मी आहे ना घरात. म्हणून दाखवीन कधीही."

तिनं कधी म्हटलं नाही, आणि मीही "म्हण" असं म्हणालो नाही. चार वर्षं झाली तिला जाऊन. त्या सीडीवरच्या इतक्या खोल, गोल ओरखड्यांवर हात टाकायची हिंमत होत नव्हती. लोकांची लग्नं वाचवणारा मी, ही माझ्याच हातून कायमची गेली तर? पण आता प्लेअरही शेवटच्या घटका मोजतोय, त्याचा ट्रे नखानं ओढावा लागतो. तीन दिवस रेघा ओढतोय. मधून कडेकडे.

आत्ता लागली. हार्मोनियम, कुणाचं तरी खोकणं, मग निळ्या साडीत ती. माईक खाली घेतला, पदर सारखा केला. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी, तिच्यावर तिची पर्स. त्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "सुरू करू का?" आणि चित्र थरथरलं, मागे गेलं. पुन्हा माईक, पुन्हा पदर. "सुरू करू का?" पुढे जाईचना. पुन्हा तेच.

उपाय मला ठाऊक आहे. काढायची, धुवायची, परत पेस्ट. मी ट्यूब उचललीही. पण ती तिथं उभी राहून विचारत होती, आणि त्या दिवशी तिला उत्तर द्यायला मी नव्हतो. मी ट्यूब खाली ठेवली, खुर्ची टीव्हीसमोर ओढली, पहिल्या रांगेत बसलो.

"कर गं," मी म्हणालो. "आलोय मी."

तिनं पुन्हा पदर सारखा केला.