भिंगाखालचं ताट

गल्लीत त्यांना सगळे टिकटिकमामा म्हणत. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेली आणि काटा अंगातच भिनला. मामा दुकान उघडायला निघाले की लोक आपली घड्याळं लावून घेत, आणि मामांनाही त्याचा तोरा काही कमी नव्हता. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या बहिणीने, आक्काने, त्यांना वाढवलं होतं. विधवा झाल्यावर ती त्यांच्याकडेच राहायला आली आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं.

मग मामांच्या किडन्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं फॉस्फरस वाढलंय. किडन्या ते बाहेर टाकत नाहीत, म्हणून अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात. दूध, चीज, डाळी, दाणे जपून. डबाबंद खाणं तर नकोच. शिवाय गोळ्या, रोज तीन वेळा, जेवताना. वेळ हा शब्द कानावर पडल्यावर मामांना पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. एकाचा ठोका पडला की गोळी तोंडात. जेवण मात्र हातातलं काम सुटेल तेव्हा, कधी तीनला, कधी चारला.

आक्काने दूध आणणंच बंद केलं. स्वतःचा चहासुद्धा कोरा केला. तरी दर तपासणीला आकडा वरच. खाजवून खाजवून मामांची पाठ सोलून निघाली, चिमटा धरलेला हात स्थिर राहीना. हातच गेला तर या माणसाकडे उरणार काय? मामांचं डोकं फिरलं.

"आक्का, खरं सांग, काय घालतेस तू जेवणात?"

"अरे, मी काय घालणार?"

"लहानपणी भातात लपवून दूध द्यायचीस. मला माहीत नाही का!"

आक्काला हसू आलं. दुसऱ्या दिवशी मामांनी डोळ्याला दुकानातलं भिंग लावलं आणि तिच्यासमोर ताटातलं शीत न् शीत तपासलं. मग ती हसली नाही. हे रोजचंच झालं. आकडा पुन्हा वाढला तेव्हा मामा ताडकन बोलून गेले, "तुझ्या हातचं खाऊन मरायचं नाही मला."

आक्काने पिशवी भरली आणि मुलाकडे निघून गेली.

मामांनी स्वतः शिजवून खाल्लं. आकडा हलला नाही. शेवटी दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी विचारलं, "गोळी कधी घेता?"

"ठोक्याला," मामा ऐटीत म्हणाले.

"आणि जेवता कधी?"

मामांनी सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो मामा, गोळीला पोटात अन्न भेटायला हवं. अन्नातलं फॉस्फरस धरून ती बाहेर नेते. रिकाम्या पोटी घेतलेल्या सगळ्या वाया गेल्या."

मामा तडक भाच्याकडे गेले. भाच्याची बायको दारातच म्हणाली, "बरं झालं आलात. आई स्वयंपाकघरात पाऊलच ठेवत नाहीत. म्हणतात, माझ्या हातात दोष आहे."

आक्का खिडकीशी बसली होती, पार वाळून गेलेली. मामा तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. "चूक माझी होती गं. तुझी नव्हती."

"नक्की ना?" आक्काने विचारलं. "मला वाटायचं, हल्ली नीट दिसत नाही, माझ्याच हातून काही पडत असेल."

मामांनी तिचा हात हातात घेतला. "भूक लागलीय, आक्का. तूच कर काहीतरी."

ती भिंतीला धरून उठली. भात आणि भोपळ्याची भाजी करायला तिला फार वेळ लागला. ताट तिने मामांपुढे ठेवलं, पण त्यावरचा हात काढेना.

"भिंग आणलंयस ना? आधी बघून घे, बाबा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच मामांना सोसेना. खिशातलं भिंग त्यांनी काढलं नाही. पहिल्या घासाबरोबर गोळी चावली आणि रडत रडत जेवू लागले.

"बस ना गं," ते म्हणाले.

आक्का बसली नाही. ताट रिकामं होईपर्यंत ती दाराशी उभीच राहिली, त्यांच्या तोंडाकडे बघत.