दहिवलीची पाणबुडी

सगळ्यात आधी खटकली ती एक मोहरी. बरण्या ठेवायच्या फळीवर, ओली, एकटीच पडलेली. डिस्टिल्ड वॉटरच्या शेडमध्ये मोहरीचं काय काम? मी दचकले. एरवीही मी दचकतेच, त्यामुळे आपण उगाच घाबरतोय की खरंच काही झालंय, हे मला कधीच कळत नाही.

त्या मोहरीचा विषय निघाला की शेडमधले बाकीचे किस्सेही काकडीच्या वेलासारखे मागोमाग ओढत येतात. तेव्हा मुळापासूनच सांगते.

* * *

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. मुंबईवर बॉम्ब पडतील या धास्तीनं गोदीचं थोडं काम आत, कर्जतला हलवलं होतं. त्यात पाणबुडीच्या बॅटऱ्यांसाठी पाणी तयार करायची शेड दहिवलीला आली. मी नुकतीच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. पाण्यात मीठ नाही ना, एवढं तपासून बरणीला चिठ्ठी लावायची, हे माझं काम.

पाणबुडी मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती! आमचे मुख्य ढवळेसाहेब ड्राफ्ट्समन. बॅटऱ्यांना केबल किती लागेल ते त्यांना कागदावरून पटेना. शेवटी भात काढलेल्या शेतात त्यांनी फक्कीनं अख्खी पाणबुडी आखली, खऱ्या मापाची! पुढं टॉर्पेडो, मधे बॅटऱ्या, मागं डिझेल इंजिनं.

दुसऱ्या दिवशी शेतमालक दारात.

"सायब, रेघ नाय पुसली हां आमी. पन म्हस याली हाय, तिला आता हलवता नाय येत."

"कुठं व्याली?"

"तुमच्या इंजिनात!"

साहेब धावत गेले. वाकून, फिरून बघून आले आणि गंभीरपणे म्हणाले, "राहू दे. जागा पुरतेय."

* * *

बरण्या धुवायला दहिवलीच्याच भीमाबाई होत्या. त्यांना सगळं समजून घ्यायचं असे. मी सांगितलं, "पाणबुडी वर असली की डिझेलवर चालते, तेव्हाच बॅटऱ्या भरून घेते. पाण्याखाली इंजिनाला हवा कुठली? मग नुसत्या बॅटरीवर चालायचं."

"म्हंजी माज्या सासूवानी गं बाय! दिसभर खाती, आन् मग आडवी पडून त्याच जोरावर बोलती!"

* * *

शेडच्या एका टोकाला जुन्या बॅटऱ्या चार्ज होत. त्यांचा गॅस पेट घेतो, म्हणून साहेबांचा हुकूम, "काडी ओढाल तर छप्पर खंडाळ्याला जाईल!" स्वतः न पेटवलेली बिडी चोखत बसायचे.

दिवाळीत भीमाबाईंनी विचारलं, "सायब, एक पणती?"

"ठेवा ना. तेल-वात तेवढी नको!"

* * *

पाणबुडीवर बॅटऱ्या सांभाळणारा टॉम नावाचा गोरा, बोट गोदीत दुरुस्तीला असताना, एकदा आमचं पाणी बघायला आला. परतताना त्याला सोडायला गेलो, तेव्हा खालापूरच्या हॉटेलात साहेबांनी त्याला चहा पाजला. तो बोटीची कहाणी सांगू लागला. मलाक्काकडे पहिल्या खेपेला वरून जहाज गेलं, पेरिस्कोप वाकला. दुसऱ्या खेपेला एक इंजिन बंद पडलं. तिसऱ्या खेपेला पंख्याचं पातं तुटलं. "वर शत्रू असला की खाली चमचासुद्धा वाजवायचा नाही," असं तो अगदी हळू म्हणाला, आणि हॉटेलवाल्याच्या हातून पत्र्याचा ट्रे पडला!

मी टेबलाखाली. बघते तर टॉम आधीच तिथं!

बाहेर पडायला जागा एकच. तो लाजला, हातानं वाट दाखवून म्हणाला, "आफ्टर यू."

हे मी भीमाबाईंना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "दर खेपेला कायतरी मोडून येती. दृष्ट लागलीय तिला."

* * *

तर ती मोहरी.

"भीमाबाई, हे काय?"

"मीठमोहऱ्या. तुजं तपासून झाल्यावर बरण्यांवरनं उतरवल्या. दृष्ट काडली."

"मग त्या चुलीत टाकायच्या ना?"

"सायबानं इस्तवाला बंदी केलीय नं? पाण्यात सोडल्या."

"कुठल्या पाण्यात?"

"जे बोटीवर चाललं त्यातच! दुसऱ्यात सोडून काय उपेग?"

"सगळ्या बरण्यांत?"

"एकीतच गं. एकीची निगाली की समद्यांची निगते."

ट्रक सकाळीच मुंबईला गेला होता. बॅटरीच्या आम्लात मीठ गेलं की क्लोरीन, विषारी वायू. बोट बंद, आत टॉम. मूठभर मिठानं एवढं होतं का? ठाऊक नाही! कॉलेजात पाणबुडी शिकवलीच नव्हती.

ऐकून धावत आलेले साहेब म्हणाले, "बरणी कोणती ते सांगा."

"आता समद्या सारक्याच की वो!"

साहेबांनी नकाशा उघडला. का, ते त्यांनाही माहीत नसावं. मी ट्रंककॉल लावला. गोदीतली बॅटरीची खोली. लाइन मिळेना. मिळाली, तर पनवेलचा कुणी व्यापारी तांदळाचा भाव विचारू लागला. पुन्हा लावला. घंटा वाजतेय, कुणी उचलत नाही.

"घाबरू नको गं बाय," भीमाबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "दृष्ट काडलीय नं. आता कायपन व्हायचं नाय."

खट्!

"हॅलो, ते पाणी—" मी किंचाळले.

"हॅलो, बॅटरी—" पलीकडून.

दोघंही एकदम गप्प झालो. मग पलीकडून हळूच आवाज आला,

"आफ्टर यू."