ड्रॉइंग कुठाय?

माझं वेबसाइटचं पहिलं काम जे. पी. नगरमधल्या आमच्या घराजवळच्या साडीच्या दुकानाचं होतं. दुकानदाराने खर्चाचा अंदाज मागितला आणि जेवणाच्या टेबलावर बसून मी एक आकडा ठोकून दिला. समोर बाबा होते. सरकारी कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग पाहून खर्चाचे अंदाज काढण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"ड्रॉइंग कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी चिडले. "बाबा, वेबसाइटला ड्रॉइंग नसतं!"

"मग भाव कशाचा सांगतेस?"

त्यांनी जुनं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या पाठकोऱ्या पानांवर मला सगळी वेबसाइट काढायला लावली. साडी कुठे दिसणार? बटण दाबल्यावर काय होणार? पैसे भरताना लाइट गेली तर? मला वैताग आला होता. पण प्रत्येक चित्रापुढे त्या कामाला लागणारे तास मांडले, तेव्हा माझा आकडा दुप्पट झाला.

"सरी," म्हणजे 'बरोबर', बाबा कानडीत खूश झाले. "आणि माझे तास?"

"तुमचे कसले तास?" मी हसत म्हटलं.

आता माझ्या व्हाइटफील्डच्या ऑफिसात क्लायंट दोन ओळी पाठवून संध्याकाळपर्यंत आकडा मागतात. आम्हीही ठोकून देतो.

परवा त्याच दुकानदाराने वेबसाइट नव्याने करायला सांगितली. बाबा आता नाहीत. मी कॅलेंडर काढलं, एकटीनेच चित्रं काढली, तास मांडले. शेवटी लिहिलं, 'बाबांचे तास'. त्यापुढे आकडा काही सुचेना.