उघडा कान

उद्या आपल्या चुलतभावाच्या हळदीत माझी लेक सई पहिल्यांदाच डीजे होणार आहे. दुपारपासून जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडून तिचा सराव चाललाय. हेडफोनने एक कान झाकलेला, दुसरा उघडा.

"असं अर्धवट काय घातलंयस गं?"

"आई, उघड्या कानाने चालू गाणं ऐकायचं, झाकलेल्याने पुढचं. मध्ये खंड पडला की नाचणारे खुर्च्या शोधतात!"

मला हसूच आलं. एक कान कुकरच्या शिट्टीकडे आणि दुसरा हिच्या पाळण्याकडे ठेवून मी कितीतरी दुपारी काढल्यात.

तिचे खांदे ठेक्यावर हलत होते, बोटं मात्र घाबरलेली. राहवेना, म्हणून स्वयंपाकघरातून अगदी हळू हाक मारली, "सई..."

मान न वळवता, गाणं न थांबवता तिने ओ दिली.