न ऐकू आलेल्या थाळ्या

वाशीमच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये हरीओम अकरा वर्षं मशीनवर होता. तुरीची साल काढणाऱ्या रोलशेजारी त्याची उभं राहायची जागा. तिथं दोन माणसांना बोलायचं तर हातवारे करूनच बोलावं लागे. मिलमधल्या लोकांना त्याच्याविषयी फार काही ठाऊक नव्हतं. माणूस मूळचा किन्हीराजाचा, चाळिशी ओलांडली तरी लग्न जमलेलं नाही, खोली करून एकटा राहतो आणि जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून मागच्या भिंतीला टेकून बसतो, एवढंच.

शेजारच्या मशीनवरच्या सेवादासनं एकदा विचारलं होतं, "काय ऐकतं बे एवढं? भजन?"

हरीओमनं एक इअरफोन त्याच्या हातात दिला. सेवादासनं दहा-बारा सेकंद ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि इअरफोन परत केला. "हे त मशीनच हाय ना! दिवसभर आयकून पोट नाई भरलं काय तुहं?"

हरीओमला ते वाक्य इतकं आवडलं, की त्या रविवारी त्यानं ते जसंच्या तसं लिहून टाकलं.

कारण हरीओम लिहायचा. इंटरनेटवर 'रविवारचा कानोसा' नावाचं त्याचं पान होतं. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला न जाता स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या खोलीत गिटार आणि ड्रम वाजवून अल्बम काढणारी पोरंपोरी असतात. शिलाँगची, बंगळुरूची, कुठली कुठली. त्यांचा एक अल्बम तो आठवडाभर ऐकायचा आणि रविवारी दुपारी त्यावर आपलं मत मांडायचा, मराठीत. इंग्रजी शब्द त्याला निम्मेच कळत, म्हणून तो शब्दांच्या वाटेला जायचाच नाही, आवाजाविषयी लिहायचा. 'या पोराची गिटार ओल्या तुरीसारखी आहे, रोलमध्ये घातली की चिकटते, साल सोडत नाही,' असं काही. किंवा, 'पहिली चार गाणी रांगेत उभी आहेत, पाचवं एकटं बाहेर येऊन उभं राहिलंय. ते एकच ऐका.' सहा वर्षांत तीनशे अल्बम झाले होते. वाचणारे पंधरा-वीस. त्यातल्या एकालाही त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

हा नाद त्याला लावला तो उजैरनं. दोघं वाशीमच्या आयटीआयमध्ये एका बाकावर होते, पुढं पुण्याच्या बाजूला एकाच कारखान्यात लागले, एकाच खोलीत राहिले. उजैर कुठून कुठून अल्बम मिळवायचा आणि कामावरून आल्यावर दोघं एकेक कान वाटून घेऊन ऐकायचे, नंतर भांडायचे. "ड्रमवाला झोपला होता," एक म्हणायचा. "नाही, तो मुद्दाम मागं राहतो," दुसरा. सहा वर्षांनी उजैर शारजाला गेला. जाताना हार्ड डिस्क हरीओमच्या हातात ठेवून गेला. कारखाना बंद पडल्यावर हरीओम वाशीमला परतला. भांडायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यानं लिहायला सुरुवात केली.

गेल्या सप्टेंबरात त्यानं 'तिसरा मजला' नावाच्या नाशिकच्या बँडचा 'गच्ची बंद आहे' हा पहिला अल्बम ऐकला. मराठी गाणी, नऊ. हरीओमला तो इतका भावला, की त्यानं नेहमीच्या दुप्पट लिहिलं. सगळ्यात जास्त कौतुक केलं ते ड्रमचं. त्यानं लिहिलं होतं, 'ड्रम वाजवणाऱ्या बाईनं नऊच्या नऊ गाण्यांत वरच्या पितळी थाळ्यांना हात लावलेला नाही. एवढा संयम मी आजवर ऐकला नव्हता. सगळं चामड्यावर चाललंय, जमिनीलगत. थाळ्यांचा झगमगाट गेला आणि अल्बमला अंधार मिळाला.'

मंगळवारी निरोप आला. सहा वर्षांत प्रथमच एखाद्या वाजवणाऱ्या माणसानं त्याला लिहिलं होतं.

'नमस्कार. मी रुचिका, तिसरा मजलाची ड्रमर. आमच्यावर इतकं मनापासून कुणीच लिहिलेलं नाही, दोनदा वाचलं. पण एक विचारू का? थाळ्या मी सगळ्या गाण्यांत वाजवल्या आहेत. तिसऱ्या गाण्यात तर त्या जरा जास्तच झाल्यात, असं आमचेच लोक म्हणतात. तुमच्याकडे फाईल खराब आली का?'

हरीओमनं मिलच्या भिंतीला टेकून ते वाचलं. आधी त्याला हसू आलं, मग कानशिलं तापली. संध्याकाळी खोलीवर येऊन त्यानं फाईल नव्यानं उतरवली. तिसरं गाणं लावलं. चामडं, खर्जाची बास गिटार, गिटार, गाणाऱ्याचा आवाज. थाळ्या नव्हत्या. इअरफोन खराब असतील म्हणून दुसऱ्या दिवशी पाटणी चौकातून नवे आणले, दुकानदार थक्क झाला इतके महाग. थाळ्या नव्हत्याच.

रुचिकाला उत्तर द्यायचं त्यानं लांबणीवर टाकलं.

त्या रविवारी तो पहिल्यांदाच लिहायला बसला नाही. सकाळीच एसटी धरून केनवडला गेला. तिथं त्याची थोरली बहीण साधना राहायची. तिचा नवरा शेतात गेला होता. ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती.

"आज कसा काय उगवला बे? फोन नाई, काई नाई."

"ताई, एक काम हाय. हात धुऊन ये, अन् हे कानात घाल."

"काय हाय हे?"

"गाणं हाय. मधी मधी पितळेची थाळी वाजल्यासारखं काई आयकू आलं, की बोट वर कर. बस, एवढंच."

साधनानं आधी त्याच्याकडं नीट पाहिलं. मग काही न विचारता पदराला हात पुसले आणि दोन्ही इअरफोन घातले. हरीओमनं तिसरं गाणं लावलं. त्यानं ते आठवडाभरात शंभरदा ऐकलं होतं, त्याची थाप न् थाप त्याला पाठ होती. आता तो नुसता बहिणीच्या हाताकडं पाहत बसला.

साधनाचं बोट वर गेलं. खाली आलं. पुन्हा वर गेलं. मग ते वरखाली व्हायला लागलं, थांबेचना. "आलं. हे आलं. हे पाय, आलं. अरे, हे त वाजूनच राह्यलं बापा, कितीखेप बोट करू?"

"पुरे," हरीओम म्हणाला.

साधनानं इअरफोन काढले. "तुले नाई आयकू येत काय?"

हरीओमनं इअरफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"मले वाटतच होतं. मागच्या दिवाळीत तुहा फोन वाजून राह्यला होता अन् तू बाजूले बसून चिवडा खात होता. मी म्हटलं, याले उचलाचा नसन."

"ताई, गावाकडं आता रातकिडे नाई राह्यले ना? फवारणीनं मेले सारे?"

"कोणी सांगतलं? दिवस मावळला की कान किटून जातात."

हरीओमला स्वतःचंच एक वाक्य आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं एका अल्बमविषयी लिहिताना लिहिलं होतं, 'आमच्या किन्हीराजाच्या शिवारातले रातकिडे संपले, तशी या गाण्यांतली शांतता आहे.' ते वाक्य त्याला स्वतःला फार आवडलेलं होतं.

साधनानं त्याला जेवायला वाढलं, सोबत भाकरी बांधून दिल्या आणि एसटीपर्यंत पोचवायला आली. "डाक्टरले दाखव," तिनं तीनदा सांगितलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. आपल्याशी ती आता मोठ्यानं बोलायला लागलीय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचं त्याला वाईट वाटलं.

अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला तो भराभर दाबत होता. मग बराच वेळ काहीच आलं नाही. परीक्षा थांबली असेल असं वाटून त्यानं काचेपलीकडं पाहिलं, तर तंत्रज्ञ बाई अजून खुंट्या फिरवत होत्या.

डॉक्टरनं आलेख पुढ्यात ठेवला. रेघ निम्म्यापर्यंत सरळ येत होती आणि तिथून विहिरीत पडल्यासारखी खाली जात होती.

"काम काय करता?"

"डाळ मिल. रोलवर."

"किती वर्षं? कानात बोळे वगैरे?"

"अकरा. बोळे नाई."

"खालचे आवाज चांगले आहेत तुमचे. वरचे, बारीक, ते गेलेत. ते परत येत नाहीत. आहेत ते जपा."

"कवापासून गेले असतील?"

"हळूहळू जातात. माणसाला कळत नाही. चार-पाच वर्षं झाली असतील."

हरीओमच्या डोक्यात परतीच्या वाटेवर तेवढंच राहिलं, चार-पाच वर्षं. म्हणजे तीनशेंतले दोनशे तरी. खोलीवर येऊन त्यानं पहिल्यापासून सगळं वाचायला घेतलं. ते काम आठ दिवस चाललं. जिथं जिथं त्यानं 'कोरडं', 'झाकलेलं', 'चमक नाही' असं लिहिलं होतं, ते सगळं त्याच्यापुढं येऊन उभं राहिलं. शिलाँगच्या चार मुलींच्या बँडला तर त्यानं पार झोडपलं होतं: 'या अल्बमवर कुणीतरी गोधडी टाकली आहे. स्टुडिओतल्या माणसाला कान आहेत की नाहीत?' त्या अल्बमखाली नंतर कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मुलींनी दुसरा अल्बम काढलाच नाही. तो आपल्यामुळंच काढला नाही, असं नव्हे. वीस माणसं वाचतात त्या पानानं काय होणार? तरी त्या मुलींनी ते कुणाकडून वाचून घेतलं असेल तर?

ही गोष्ट कळेल असं जगात एकच माणूस होतं. शुक्रवारी तिकडं सुट्टी असते म्हणून त्यानं शारजाला फोन लावला.

"अरे हरी! बोल बोल. घरी सगळे बरे?" मागं लहान मुलांचा गलका होता.

"उजैर, मले थाळ्या आयकू येत नाही. ड्रमच्या."

"काय? कशाच्या थाळ्या?"

हरीओमनं सांगितलं. उजैरनं ऐकून घेतलं, हळहळला, कानाची मशीन कुठं मिळते, किती महाग येते, तेही विचारलं. मग म्हणाला, "तू अजून ऐकतो ते सगळं? मी तर, खरं सांगू, आठ-दहा वर्षं झाली. टाइमच नाही भेटत यार."

"हाव," हरीओम म्हणाला. "बरोबर हाय."

पुढच्या रविवारी त्यानं दुरुस्ती लिहिली. कुठल्या अल्बमवर काय लिहिलं होतं आणि ते का चुकलं असावं, एकेक करून, सत्तावीस अल्बम. सगळ्यात वर: 'गोधडी माझ्या कानांवर होती. स्टुडिओतल्या माणसाची मी माफी मागतो.' 'गच्ची बंद आहे'विषयी त्यानं लिहिलं, 'थाळ्या आहेत. माझ्या बहिणीनं त्या ऐकल्या. तिसऱ्या गाण्यात तिचं बोट थांबत नव्हतं. मी ज्या अंधाराचं कौतुक केलं, तो या अल्बमचा नाही.'

दोन दिवसांनी रुचिकाचा निरोप आला. 'तुमची दुरुस्ती वाचून आमच्यात भांडण झालं. आमचा बासवाला म्हणतो, थाळ्या काढल्यावर जो अल्बम उरतो तोच खरा आमचा आहे, आणि तो फक्त तुम्ही ऐकलात. आम्ही नवीन गाणी करतोय, अजून कच्ची आहेत. पाठवू का? खालचा अर्धा भाग तुम्ही आमच्यापेक्षा नीट ऐकता. सांगाल का, काय चुकतंय ते?'

हरीओमनं तो निरोप तीन दिवस जपून ठेवला. चहा पिताना वाचला, बसमध्ये वाचला. गाणी येतील, आपण सांगू, ती विचारेल, आपण पुन्हा सांगू. कुणाशी तरी भांडता येईल. मग मनात दुसरा विचार आला. स्वयंपाक करताना चाखायला बसलेल्या माणसानं नंतर पंगतीत बसून चव सांगायची कशी?

त्यानं उत्तर लिहिलं: 'आभार. पण नको. अल्बम निघाला की सगळ्यांसोबत ऐकीन आणि जे वाटेल ते लिहीन.'

रुचिकानं 'बरं' एवढंच लिहिलं.

दिवाळीनंतर त्यानं मालकाला सांगून रोलवरून गोदामात बदली मागून घेतली. पगार थोडा कमी झाला. गोदाम शांत होतं. पोती, थप्प्या आणि दाराशी ट्रक लागेपर्यंत कुणीच नाही. सेवादास सुरुवातीला चहाला यायचा, मग त्याच्या पाळ्या बदलल्या. पानावर हरीओम आता प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला एक ओळ टाकायचा: 'मला वरचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे धरून वाचा.' वाचणारे पंधरा-वीसचे बारा झाले.

फेब्रुवारीत 'तिसरा मजला'चा दुसरा अल्बम निघाला. हरीओमनं तो दोन आठवडे ऐकला, एरवीपेक्षा दुप्पट. त्याला तो आवडावा असं त्याला फार वाटत होतं. बास सुरेख होता, एखाद्या गाण्यात तर छातीत जाऊन बसत होता. पण ड्रम चार गाण्यांत एकाच चालीनं चालत होता, वळणावरही तसाच. रविवारी दुपारी त्यानं ते लिहिलं. 'ड्रम वाजवणाऱ्या बाईला काय येतं ते मी पहिल्या अल्बमात ऐकलं आहे, म्हणून बोलतो. इथं ती थकलेली वाटते. बासवाल्यानं सगळा भार उचलला आहे, आणि अल्बम त्याच्यामागं फरफटत जातो.' पान उघडं ठेवून तो बराच वेळ बसला, मग प्रसिद्ध केलं.

रुचिकाचा निरोप आला का, म्हणून सोमवारी त्यानं गोदामात चारदा फोन पाहिला. मंगळवारी दोनदा. बुधवारी ट्रक होते, दुपारपर्यंत वेळच मिळाला नाही. दोन वाजता पोत्यांना टेकून त्यानं डबा उघडला. इअरफोन घातले आणि कोइमतूरच्या कुठल्याशा तिघांचा नवा अल्बम लावला. पहिल्याच गाण्यात बास उशिरा येत होता. मुद्दाम येतोय की चुकून, ते ठरवायला त्यानं गाणं परत पहिल्यापासून लावलं.