गोदाचा डावा पाय

मंगरूळपीरहून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी अंगणात उन्हाला बसून मेथी निवडत होते. "मामी, आई गेली," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सकाळी चहा पिली, आणखी अर्धा कप मागितला, अन् तो येईपर्यंत..." मी रडता रडता हसले. मागितलेला चहा न पिता जाणं गोदाला अजिबात शोभत नव्हतं. आता महिना होऊन गेला, तरी तिची आठवण आली की आधी हसूच येतं.

गोदा माझी नणंद. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन कारंज्याला आले, तेव्हा आम्ही दोघी जवळजवळ एकाच वयाच्या होतो. ती गावातल्या व्यायामशाळेत दोराचा मल्लखांब करायची. उंच तुळईला बांधलेला जाड सुती दोर पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात पकडून सरसर वर चढायचं आणि वर गेल्यावर हात सोडून अधांतरी आसनं करायची. पोरीच्या जातीला हे कशाला, असं लोक म्हणायचे, सासूबाईही म्हणायच्या. सासरे मात्र तिला स्वतः व्यायामशाळेत सोडून यायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भीतीनं डोळेच मिटून घेतले. वरून ती ओरडली, "वैनी, डोये उघड! कोनासाठी करून राह्यली मी?"

अकोल्याची स्पर्धा जवळ आली होती. सरावात एक दिवस वरच्या टोकाला तिच्या उजव्या पायाची पकड सुटली आणि माझ्यादेखत ती धप्पकन खाली आली. उजवा घोटा मोडला. अकोल्याला नेऊन प्लास्टर घातलं. वाटेत सासरे डोळे पुसत होते, आणि ही मला विचारते, "वैनी, आवाज आयकला का? तुरीची शेंग फुटल्यावानी!" स्पर्धा अर्थातच हुकली. पण एका दुपारी मी खोलीत गेले, तर ती उशीत तोंड खुपसून पडलेली. "वैनी, आता मी जमिनीवरच राह्यतो का व?" मी तिच्या पायाशी जाऊन बसले. तिनं डावा पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हा तर रिकामाच हाय. याले शिकवू."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुपारी रंगल्या. जमिनीवर चिंचोके पसरायचे आणि खाटेवर बसून डाव्या अंगठ्यानं उचलून ताटलीत टाकायचे, अशी आमची शर्यत लागायची. मी नेहमी हरायचे. मग दोराचा तुकडा आणला. एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या बोटांत, आणि रस्सीखेच! सासूबाई यायच्या, कमरेवर हात ठेवून रागवायच्या, "कायले हे माकडचाये करता व?" पण एकदा सगळे बाहेर गेलेत असं समजून त्या स्वतः लुगडं सावरून एक चिंचोका अंगठ्यात धरायला धडपडताना मी दारातून पाहिलं. पळत जाऊन गोदाला सांगितलं. ती इतकी हसली, की प्लास्टरच्या आत पाय दुखायला लागला.

प्लास्टर निघाल्यावर ती लंगडत, मग चालत, मग हळूहळू चढायला लागली. पुढच्या स्पर्धेला व्यायामशाळेचे गुरुजी म्हणाले, यंदा राहू दे. तिनं ऐकलं नाही. अकोल्याला मी प्रेक्षकांत बसले होते. वर पोचल्यावर तिचा उजवा पाय दोरावरून निसटायला लागला. गुरुजी ओरडले, "उतर खाली!" तिनं एक क्षण दोर घट्ट धरला, पाय बदलला, डाव्या अंगठ्यात दोर पकडला आणि सावकाश दोन्ही हात सोडून दिले. मंडपात टाळ्याच टाळ्या. तिचा दुसरा नंबर आला. "डाव्या पायानं कधी शिकली तू?" गुरुजींनी विचारलं. "पडल्या पडल्या, गुरुजी."

त्यानंतर मंगरूळपीरचे पाहुणे तिला बघायला आले. पायाचं काही बोलू नको, असं सासूबाईंनी दहादा बजावलं होतं. पोहे देऊन झाले आणि गोदानं आपणहून सांगून टाकलं, "माहा हा पाय मोडला होता. आता बरा हाय. पन मी दोर सोडनार नाई, तवा पुन्हा मोडू शकते." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मुलगा मान खाली घालूनच म्हणाला, "दुसरा हाय ना!" सगळं घर हसलं. लग्न तिथंच ठरलं.

त्या माणसानं ते नुसतं बोलण्यापुरतं ठेवलं नाही. लग्नाच्या वर्षीच त्यानं माजघराच्या तुळईत दोरासाठी लोखंडी कडी ठोकून घेतली. पुढं गोदाचा खांदा निखळला, बसला, परत निखळला. दोन बाळंतपणं झाली. दर वेळी ती पुन्हा दोरावर गेली, आणि गल्लीतल्या पोरींनाही तिनं त्यावर चढवलं.

परवा मी तिच्या घरी गेले होते. त्या कडीला आता तिच्या पणतीची झोळी बांधली आहे. इतक्या वर्षांच्या दोरानं घासून कडी आतून लखलखीत झाली आहे आणि झोळी हलली की, गोदा दोरावर असताना वाजायची तशीच, किरकिर वाजते. धाकटी नातसून घरात नवीन आहे. ती म्हणाली, "लई वाजते, तेल टाकू का?"

"नको!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. बाळ दचकलं, आणि हसलं.