तिसऱ्या ओळीतला डबा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा ठेवायला जाणारी बाई. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. तरीही हे लिहितेय...

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी मोठी बहीण कुसुमताई नागपूरला नंदनवन वस्तीत राहायची. बैठ्या क्वार्टर्सच्या तीन ओळी, तिचं घर तिसरीत. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं आणि तिची झोपच उडाली. भाऊजी ड्यूटीवर गेले की मी दुपारी सोबतीला जायचे.

त्याच सुमारास एका चहा कंपनीने घरोघरी स्पीकरचे लाकडी डबे फुकट बसवले. दिवसभर गाणी, मध्ये जाहिरात. कंपनीचा माणूस अधूनमधून येऊन आपुलकीने विचारायचा — झोप लागते का, मन कसं आहे? तिसऱ्या ओळीतल्या बायका ओरडायच्या, "आमचा डबा वाजतच नाही गा!" तो म्हणायचा, "लाइन येईल."

ताईने मात्र कधी तक्रार केली नाही.

एका दुपारी पाहते तर ती डब्याखाली चटईवर गाढ झोपलेली! उठल्यावर म्हणाली, "ते बाई गुणगुणते ना, शालू... मले झोप लागून राहिली आता."

"कोणती बाई वं, ताई?"

"चूप. ऐक."

बाहेर पांढरं ऊन. खिडकीतून वाळ्याच्या ताटीचा ओला वास. आणि मग ते आलं — शब्द नसलेलं, संथ... मांडीवरच्या लेकराला थोपटताना कुणी घशातल्या घशात गुणगुणावं तसं. डब्यातूनच येत होतं. माझे डोळे कधी मिटले, कळलंच नाही.

ताई हळूहळू जेवू लागली, हसू लागली. मग एक दिवस तो माणूस डबे काढून न्यायला आला. का, विचारलं तर सहज सांगून गेला, "प्रयोग होता. पहिल्या ओळीत आनंदी गाणी, दुसरीत रडकी, तिसरीत काहीच नाही. कोण किती चहा घेतं, बघायचं होतं."

दुसऱ्या ओळीतून जाताना रोज कुणीतरी उगाच रडताना का दिसायचं, ते मला तेव्हा उमगलं.

ताई शांतपणे म्हणाली, "आमाले विचारलं होतं काय, भाऊ?"

"विचारलं असतं तर लोक खरं वागले नसते, ताई."

"माझं लेकरू गेलं, तुमाले मालूम होतं. तरी मुका डबा देला?"

भिंतीवरचा डबा काढून त्याने उलटा करून दाखवला. तार नाही, स्पीकर नाही. आत नुसती पोकळी.

"बघा, रिकामा—"

आणि त्याच्या हातात तो गुणगुणायला लागला.

तो हळूच खाली बसला. डोळे मिटले. किती वेळ, देव जाणे... ताईने डबा अलगद त्याच्या हातातून घेतला आणि परत खिळ्याला टांगला.

दारात तो वळला. खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, परत ऐकायला येऊ का?"

"या ना, भाऊ."

तो आलाच नाही. पुढे ताईला मुलगी झाली आणि डबा गप्प झाला. शेजारचा आवाज असेल म्हणावं, तर बाकीच्या ओळींच्या तारा त्याने त्या दिवशी सकाळीच काढल्या होत्या. वर्गात मुलांना ध्वनी शिकवताना दर वर्षी मी क्षणभर थांबायचे... उत्तर मला अजून सापडलेलं नाही.